क्रूस नसलेला दगड

माझी चुलत आत्या पारगावला असते. ती आईच्या पोटात असताना तिचे वडील दुसऱ्या महायुद्धावर गेले, ते परतले नाहीत. लढाईत मेलेल्यांच्या कबरींचे दगड पुण्यात खडकीला आहेत, असं एका पेन्शनर फौजीनं तिला सांगितलं. तेव्हापासून "मला एकदा बापाकडं ने" हा तिचा धोशा. मी निरगुडसरहून महिन्यातून दोनदा कामासाठी पुण्याला जातो. अकरा वर्षांत अडीचशेहून जास्त फेऱ्या झाल्या. एकदाही तिला नेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी फोनवर युद्धात मेलेल्यांची यादी शोधली. चुलत आजोबांचं, म्हणजे तिच्या वडलांचं, नाव ब्रह्मदेशातल्या एका स्मारकाच्या भिंतीवर निघालं. खडकीत ते नव्हतंच. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग इतकी वर्षं साधं शोधलं का नाही, हेही सांगावं लागलं असतं.

यंदा सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला तिला गाडीत घेतलं. वाटेत सांगू म्हटलं. खेड गेलं, चाकण गेलं, तोंड उघडलं नाही.

"लई निगा ठेवलीय," खडकीच्या दफनभूमीत शिरल्यावर ती म्हणाली. "आमच्या स्मशानात टेकायला फळी न्हाई. कुठंय माझा बा?"

तिला बाकावर बसवून मी ओळींतून फिरलो. बहुतेक दगडांवर क्रूस. तो तिनं ओळखला असता. सातव्या ओळीत बिनक्रुसाचा एक सापडला. नाव इंग्रज, वय बावीस. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही.

"हा," मी म्हणालो.

तिनं पदरानं दगड पुसला, झेंडू ठेवले. वय विचारलं. मी वाचून सांगितलं.

"बावीस? बा, तुझ्यापरीस माझा नातू थोरला हाय की." मग माझ्याकडं वळून, "तारीख हाय का रं लिहिलेली?"

"आहे."

"मग वाच. आजवर तिथी ठावं न्हाई म्हणून तुमी सर्वपित्रीला त्याचं पान वाढलं. आता त्याच्या तिथीला वाढू."

तिथंच थांबता आलं असतं. मी दिवस, महिना, साल नीट वाचून दाखवलं. चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

भटजींनी त्यावरून दशमी काढली. पितृपक्षात आत्या आमच्याकडं आली, बसल्या बसल्या वडे थापले. श्राद्ध माहेरच्या पुरुषानं करायचं, म्हणजे मी. नाव चुलत आजोबांचं घेतलं, तिथी त्या परक्या मुलाची.

सर्वपित्रीला ती आली नाही. "बाचं झालं की," फोनवर म्हणाली. लई हलकं वाटतंय, असंही म्हणाली.

त्या दिवशी बायकोनं पानं मांडायला घेतली. "औंदा एक कमी ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.