बोलणाऱ्या मॉडेलचं कलम

चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली जी आठ-दहा गावं येतात, तिथं अल्का टेंभुर्णे कोण म्हणून विचारलं तर माणूस जरा डोकं खाजवतो, पण भोंगेवाली म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. नवरा चंद्रशेखर ऑटो चालवतो आणि ही मागं बसून माइकवर बोलते. उन्हाळी धानाला पाणी कधी सुटणार, राशन दुकानात तांदूळ आला की नाही, दंडारीचा खेळ कोणत्या गावात आहे, कोणाची म्हैस दोर तोडून गेली, हे सगळं तिच्या तोंडून कळतं. कोणी वारलं तर तेही.

मयतीच्या बाबतीत तिचा एक नियम आहे. सांगावा आला म्हणून ती माइक उचलत नाही. आधी त्या घरी जाते. अंगणातून नाही, घरात. खुर्ची असेल तर खुर्चीवर नाहीतर खाटेवर बसते, घरच्या माणसाच्या तोंडून ऐकते आणि मगच बाहेर येऊन बोलते. पाटील असो की पोलीस पाटील, ज्याला हे चालत नसेल त्यानं दुसरा भोंगा पाहावा. दुसरा भोंगा नाही, हा भाग वेगळा.

हा नियम उगाच आलेला नाही. तिनं हे काम धरलं तेव्हा सासरे रामलाल दोन दिवस जेवले नव्हते. मयतीचे सांगावे गावोगाव पोचवणं हे त्यांच्या आजा-पणजांच्या माथी मारलेलं काम. अंगणाबाहेर उभं राहायचं, वरून सांगतील ते ऐकायचं आणि भर उन्हात चालत सुटायचं. छप्पन्न साली धम्म घेतला आणि टेंभुर्ण्यांनी त्या कामाला लाथ मारली. "आपल्या लोकाइनं सोडलं, अन् तू पुन्हा कायले घेऊन राहिली?" म्हाताऱ्यानं विचारलं होतं. अल्का म्हणाली, "मामाजी, तवा दाराबाहेरून सांगत. मी घरात बसून ऐकीन, मंगच बोलीन." तिसऱ्या दिवशी रामलाल जेवले. त्याला आता वीस वर्षं होत आली. रामलालही गेले, आणि त्यांची मयत तिनंच सांगितली.

यंदा पौषात अल्काचा घसा बसला तो उठेचना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, शेवटी गोंदियाला डॉक्टरकडं गेली. घशात गाठ निघाली. ऑपरेशन करू, भिण्याचं कारण नाही, पण आवाज पहिल्यासारखा येईलच असं नाही, असं डॉक्टर हिंदीत म्हणाले. अल्का भ्यायली. मरणाला नाही, गप्प बसायला. परतीच्या रस्त्यावर चंद्रशेखर तिला समजावत होता, आणि ती गोंदियापासून तिरोड्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. डॉक्टरनं मौन पाळायला सांगायच्या आधीच तिनं ते सुरू केलं होतं.

अशात तिच्या बहिणीची मुलगी मोनाली नागपूरहून आली. मोनाली एका कंपनीत आहे. गावोगावची बोली गोळा करायची, ती कॉम्प्युटरला शिकवायची, असं तिचं काम. दिवाळीत आली होती तेव्हा मावशीला समोर बसवून तिनं तासन्‌तास बोलायला लावलं होतं आणि ते सगळं मोबाईलमध्ये भरून नेलं होतं. तेव्हा घसा ठणठणीत होता. आता ती करारनामा घेऊन आली होती. मराठीत होता, पण वकिलाच्या मराठीत, म्हणून तिनं कलमं सोपी करून सांगितली.

"तीन प्रकारचे मॉडेल हायेत मावशी. एक ऐकणारं. तुझं बोलणं हजार लोकांच्या बोलण्यात मिसळते, त्याच्यावरून मशीन आपली बोली समजाले शिकते. तुझा आवाज कोनालेच ऐकू येत नाही. दुसरं बोलणारं. ते तुझ्याच आवाजात बोलते. जे लिहून देशील ते. तिसरं गाणारं."

"गाणारं काट," अल्का घोगऱ्या आवाजात म्हणाली. विहारात वंदना सुरू झाली की बाकीच्या बाया तिचा बेसूर झाकायला आवाज चढवतात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या कलमावर मात्र ती थांबली. ऑपरेशननंतर गावात भोंगा फिरेल, चंद्रशेखर ऑटो चालवेल, मोबाईलवर बोट ठेवलं की तिचा दिवाळीतला आवाज निघेल. लोकांना कळणारही नाही. तिला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, उगाच कशाला खोटं सांगा.

कलमात पुढं लिहिलं होतं की हा आवाज कंपनी इतर ग्राहकांनाही देऊ शकेल. मोनालीनं तेही वाचून दाखवलं, लपवलं नाही. अल्का म्हणाली, "देऊ दे. आवाज काय घासून जाते?"

"सही कराच्या आंधी ऐकून त घे," मोनाली म्हणाली. नमुना तयारच होता. फक्त एक वाक्य लिहून द्यायचं.

"मोबाईलात काय समजते? भोंग्यावर लाव," अल्का म्हणाली. चंद्रशेखरनं मोबाईल ऑटोच्या मशीनला जोडला. वाक्य काय द्यावं हे तिला सुचेना. ज्या हातानं आयुष्यभर भाकरी थापली त्याला थापायला सांगितलं तर भाकरीच होणार. तिच्या तोंडी मयतीचं वाक्य आलं. पण त्यात नाव लागतं, आणि जित्या माणसाचं नाव कसं टाकावं?

"माझंच टाक," चंद्रशेखर म्हणाला. "दुसऱ्याचं टाकलं त तो भांडाले येईल. आपलं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर हाय, आपल्याले कायचा अपशकुन?"

मोनालीनं लिहिलं. आदल्या दिवशी दंडारीसाठी भोंग्याचं बटण पूर्ण फिरवलेलं होतं, ते तसंच राहिलेलं. तिनं बोट ठेवलं आणि भर दुपारी गावावर आवाज घुमला, "ऐका हो ऐका. भीमनगरातले चंद्रशेखर रामलाल टेंभुर्णे यांचं आज सकाळी निधन झालं. माती चार वाजता." आणि मशीनच ते, थांबवेपर्यंत पुन्हा एकदा बोललं.

आवाज हुबेहूब होता. अल्काच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आपला चांगला आवाज तिनं महिन्या-दोन महिन्यांनी ऐकला होता. तेवढ्यात शेजारच्या घरातून हातातलं भांडं पडल्याचं ऐकू आलं.

तिनं झटकन माइक ओढला. "ऐका हो. ते खोटं हाय. माणूस जिता हाय," ती म्हणाली. पण घशातून जे निघालं ते फाटक्या सुपात दाणे हलवल्यासारखं. तिनं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी तर निम्मे शब्द आतच राहिले.

लोक आलेच. बाया पदर डोळ्याला लावून, माणसं खांद्यावर पंचा टाकून. अल्का दारात उभी राहून दोन्ही हात हलवत होती, "जिते हायेत, घरात हायेत," म्हणत होती, आणि बाया तिला पोटाशी धरून म्हणत होत्या, "रडून रडून आवाज बसला वो बाईचा. भान नाही तिले." पलीकडच्या वॉर्डातला भोजराज पटले, कालव्याच्या पाण्यावरून चंद्रशेखरशी दरवर्षी भांडणारा, तोही आला आणि चपला बाहेर काढून मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, लाकडाची काळजी करू नका, माझ्याकडून येतील."

चंद्रशेखर घरात लपला होता. बाहेर यायची त्याला लाज वाटत होती. पण त्याची मोठी बहीण सुशिलाबाई शेतातून ऊर बडवत धावत आली, दारातच कोसळली आणि "चंदू, चंदू" करायला लागली, तेव्हा तो बाहेर आला. सुशिलाबाईनं त्याला पाहिलं. उठून त्याच्या कानाखाली एक लावली, दुसरी लावली आणि मग गळ्यात पडून खरं रडली. बाकीचे हसले. भोजराज हसला नाही. चपला घालताना अल्काला म्हणाला, "वहिनी, तुमचा आवाज होता म्हनून आलो. दुसऱ्या कोनाचा असता त आंधी विचारलं असतं."

त्या संध्याकाळी चूल उशिरा पेटली. अल्का पाटावर बसून होती. तिला लोकांच्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. पण तिचा खरा आवाज दारात उभा राहून ओरडत होता आणि लोकांनी विश्वास ठेवला तो भोंग्यातल्यावर, हे तिला सोसत नव्हतं. तिला राग आला होता आणि धास्तीही वाटत होती.

"मोनाली," ती म्हणाली, "हे बोलणारं मॉडेल मयतीच्या घरात जाईल काय?"

मोनालीनं तिथंच कंपनीत फोन लावला. मयतीची बातमी या आवाजात कोणी देऊ नये, अशी एक ओळ टाकता येईल का म्हणून विचारलं. साहेब सभ्य होता. म्हणाला, ग्राहक काय लिहील त्याची हमी आम्ही कशी घेणार? कलम आहे तसं ठेवा नाहीतर काढा.

"काढ," अल्का म्हणाली. पण पेन मोनालीनं धरलं तसं तिनं ते स्वतःच्या हातात घेतलं. रेघ ओढायला तिला बराच वेळ लागला. ऑपरेशननंतर आवाज आला नाही तर तो कुठंच उरणार नाही, हे तिला कळत होतं. रेघ ओढली आणि ती रडली. चंद्रशेखर दिवा लावायच्या निमित्तानं उठून गेला.

"अन् पहिलं? ऐकणारं?" मोनालीनं हळूच विचारलं.

"ते राहू दे. आपली बोली ऐकून घेत असंल त घेऊ दे. आपलं ऐकाले कोन तयार होते?"

होळीच्या आधी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण डॉक्टरांनी काही आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितलं, कुजबुजसुद्धा नको म्हणाले. भोंगा बंद पडला, आणि कालव्याचं पाणी सुटल्याचं शेजारच्या गावाला कळलं नाही म्हणून बांधावर एक मारामारीही झाली. शेवटी चंद्रशेखरनं माइक हातात घेतला. त्याचा आवाज म्हणजे ट्रॉलीत गिट्टी ओतल्यासारखा. त्यात घाबरला की मधेच गप्प होई. पाणी, राशन, म्हशी, एवढं त्यानं कसंबसं निभावलं.

मग चैत्रात बकाराम बुवा वारले. म्हाताऱ्याच्या मुलानं फोन केला. चंद्रशेखरनं ऑटो त्यांच्या घरासमोर उभी केली. अल्का उतरली, चपला काढल्या, घरात गेली. पोरानं खुर्ची पुढं ओढली. ती बसली. त्यानं सांगितलं ते तिनं ऐकलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर येऊन ऑटोत मागं बसली. नवऱ्याकडं पाहून मान हलवली.

चंद्रशेखर बोलला. अडखळला, पुन्हा बोलला. पहिल्या गल्लीत कोणी दार उघडलं नाही. दुसऱ्या गल्लीत भोजराज पटले बाहेर आला आणि ऑटोला आडवा झाला.

"कोन बोलून राहिला गा? मशीन त नाही ना?"

"मी हावो," चंद्रशेखर म्हणाला.

भोजराजचा विश्वास बसेना. तो वाकून ऑटोत पाहायला लागला. मागच्या सीटवर अल्का बसलेली होती, तोंड मिटून.

"वहिनी, घरात गेल्त्या काय?"

अल्कानं मान हलवली.

भोजराज सरळ उभा राहिला. घराकडं वळून बायकोला म्हणाला, "पंचा आन. बकाराम बुवा गेले."