टेबलावरचा तापलेला फोन

फोन तापतो म्हणून कुणी पोलिसांना बोलावत नाही. आमच्या द्वारका चौकाजवळच्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्याने बोलावलं, आणि ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

आदल्या दिवशी एक नवरा आपली बायको हरवल्याची खबर देऊन गेला होता. चांगल्या नोकरीतला माणूस, बोलणं मऊ. आम्ही मिसिंग दाखल करून फोटो सगळीकडे पाठवला. दुकानदाराने तो ओळखला. ही बाई स्क्रीन फुटलेला फोन टाकून गेली ती परत आलीच नाही, आणि जाताना बजावून गेली की काही झालं तरी फोन बंद करू नका.

"साहेब, वापरात नाही, चार्जिंगला नाही, तरी तव्यासारखा तापतोय," तो म्हणाला. "बॅटरी फुगलेली नाही. आत काहीतरी सारखं चालू आहे, पण स्क्रीनच गेलीय, बघणार कशात?"

पंचनामा करून फोन ठाण्यात आणला. हरवलेल्या माणसाचा फोन आम्ही बंद करत नाही, न जाणो कुणाचा कॉल आला तर. म्हणून माझ्याच टेबलावर चार्जिंगला लावून ठेवला. ती काळी, तडकलेली काच दिवसभर माझ्यासमोर पडलेली असायची.

नवरा रोज यायचा. केबिनबाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसायचा, एका कानात बिनतारी इयरफोन. मन शांत राहावं म्हणून नामस्मरण ऐकतो, म्हणायचा. आमच्या हवालदार ताईंना त्याची फार दया यायची, त्या त्याला आवर्जून चहा द्यायच्या.

एकदा दार लावून ताईंना मी हळू आवाजात सांगितलं, की बाईची मावशी सुरगाण्याला आहे असं कळलंय, गुपचूप एक गाडी पाठवू. बाहेर आलो तर हा हात जोडून उभा. म्हणाला, "साहेब, सुरगाण्याचा रस्ता घाटाचा आहे. मी येऊ का सोबत?"

दाराआडचं बोलणं याला कुणी सांगितलं? आधी मला आमच्यातलाच कुणी फितूर वाटला. ताईंवर मी बरसलो, तर त्यांनी मुलांची शपथ घेतली. रागाने टेबलावर हात आपटला तो नेमका त्या फोनवर पडला. चटका बसला आणि डोक्यात प्रकाश पडला. कुणी हातही न लावलेला फोन इतका तापतो कशाने? आम्ही समजत होतो तो मुका आहे, आणि तो तर आमचा शब्द न् शब्द ऐकत होता.

खात्री तर करायलाच हवी होती. तोंडातून चकार शब्द न काढता मी पिनने सिमकार्ड बाहेर काढलं. थोड्या वेळाने फोन गार पडत गेला. खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर बाकावरचा माणूस इयरफोन काढून पुसत होता, परत घालत होता, मोबाईलवर बोटं आपटत होता. सिम पुन्हा घातलं. फोन तापू लागला, आणि याची मान पुन्हा खाली गेली. चेहऱ्यावर समाधान. बायकोचा जीव धोक्यात आहे तो याच्यापासून, आणि तिला शोधून याच्या हवाली करायला आम्ही निघालो होतो! कुंपणच शेत खात होतं.

सुरगाण्याची गाडी मी खुणेनेच रवाना केली. मग फोनसमोर बसून ताईंना स्पष्ट आवाजात सांगितलं, की सुरगाण्याची खबर खोटी निघाली, बाई चांदवडला मैत्रिणीकडे आहे, उद्या आणू. बाकावरचा माणूस निरोप न घेताच उठला. आमची माणसं मागावर होतीच. चांदवडच्या अलीकडे हायवेवर त्याची गाडी अडवली. सीटखाली नवा कोयता, दुकानातल्या कागदासकट.

चौकशीत त्याने आवाज चढवला नाही. बायकोच्या फोनमध्ये चोरून अ‍ॅप टाकलं होतं, हे सरळ कबूल केलं. "मी तिच्यावर कधी हात उचलला नाही, साहेब. फक्त ऐकायचो. परगावी असलो तरी ती झोपल्यावर तिचा श्वास ऐकायचो, मगच माझा डोळा लागायचा." कोयता कशाला, विचारलं. त्यावर माझ्याकडे बघत त्याने उलट विचारलं, तिचा फोन अजून चालू आहे ना. खुनी खूप पाहिले मी, पण त्या नजरेची आठवण आली की आजही बरं वाटत नाही.

बाईला मावशीसह ठाण्यात आणलं. मावशी म्हणाली, "आल्यापासून पोर बोललंच नाय साहेब, नुसत्या खुणा करतंय." जबाबालाही ती कुजबुजत होती, ताईंना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. नवरा फोनमधून ऐकतो हे ओळखून स्क्रीन तिने स्वतःच वरवंट्याने फोडली होती. दुरुस्तीला द्यायचं निमित्त हवं होतं. तो दुकानातली गडबड ऐकत राहील, मी तिथंच बसलेय असं समजेल, तेवढ्यात मी सुरगाण्याची जीप गाठीन, असा तिचा हिशेब.

"त्याआधीच ठाण्यात का नाही आलात?" मी विचारलं.

"इथंही फोन घेऊनच यावं लागलं असतं ना," ती म्हणाली.

तो कोठडीत असल्याचं सांगितलं, तरी तिला पटेना. ताई तिला लांबून दाखवून आल्या. परत येताना व्हरांड्यात ती थांबली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "मावशी!" अख्खं ठाणं दचकून वळलं. म्हातारी तिला कवटाळून रडायला लागली, आणि ती पुन्हा पुन्हा मावशी, मावशी अशी हाक मारत राहिली. कुणीही तिला गप्प केलं नाही.

तीस वर्षं मी लोकांना दरडावत आलो, बोला, न घाबरता बोला. पण तक्रार करायलासुद्धा माणसाला आधी एक अशी जागा लागते, जिथं नको तो कान नाही. तिला ती आमच्या ठाण्यात मिळाली खरी, पण तोवर माझ्या टेबलावर त्याचाच कान चार्जिंगला लावलेला होता.