आप्पांचे ब्रेक, माझा निकाल

गाडीचं एक चाकही न काढता मी सांगून टाकलं, की ब्रेक बिघडलेत आणि ते आप्पांनीच बिघडवलेत. दोन्ही गोष्टी चूक होत्या.

शिरूरला हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. रविवारी सकाळी संदीप वडिलांची गाडी घेऊन आला. संदीप रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, राहतो शिरूरमध्येच. त्याचे वडील, म्हणजे आप्पा, दौंडहून रेल्वेतून रिटायर झालेले. आता भीमाकाठच्या गावी थोडा ऊस, बायकोचे गुडघे आणि ही पांढरी गाडी सांभाळतात.

"जय भीम, मेस्तरी," म्हणत आप्पा उतरले. चेहरा मात्र कोर्टात तारखेला हजर झालेल्या माणसासारखा.

संदीप थेट मुद्द्यावर आला. "काल कोरेगाव भीमाला पाहुण्यांकडं निघालो होतो. हायवेला लागलो आणि स्टिअरिंग असलं थडथडायला लागलं, मागं बसलेल्या आईनं डोळेच मिटून घेतले. आणि का? तर यांनी घरच्या घरी ब्रेक पॅड बदललेत. मोबाईलवर बघून!"

"मोबाईलवर बघून न्हाई," आप्पा म्हणाले. "रेल्वेत जलम गेला माझा ब्रेकमदी. मोबाईल फकस्त पाना कंच्या नंबरचा लागतोय त्ये बघाया."

इथं मी एक प्रश्न विचारायला हवा होता: थडथड ब्रेक दाबल्यावर होते, की नुसती गाडी पळवताना? आमच्या धंद्यात निम्मं निदान या एका प्रश्नात होतं. पण मला त्याच वेळी विनोद सुचला.

"आप्पा, रेल्वेचा ब्रेक मारला की गाडी पुढच्या स्टेशनात थांबते. मोटारीला तेवढी जागा नसते हो."

संदीप हसला. आप्पा हसले नाहीत.

"म्हणजे ब्रेकच ना?" संदीपनं विचारलं.

"ब्रेकच. शंकाच नाही."

संदीपनं किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "आप्पा, आपलं ठरलंय. मेस्त्री ब्रेक म्हणाले, तर गाडी इथून पुढं माझ्याकडं राहणार."

"आन् तुझ्या आईला गुडघ्याच्या व्यायामाला दौंडला कोण न्हेणार? तू ड्युटी सोडून येणार व्हय?"

"रिक्षानं जायचं."

"रिक्षात चढता येत असतं तर व्यायाम कशापायी लागला असता?"

बापलेकांचं हे चालू असताना मी संदीपकडून किल्ली मागून घेतली आणि टेस्ट ड्राइव्हला निघालो. हायवे सोडून गॅरेजमागच्या गल्लीत. ब्रेक दाबला, थरथर जाणवली. ती खड्ड्यांची होती, पण मला ब्रेकची हवी होती, म्हणून ब्रेकची वाटली.

मग पुढची दोन्ही चाकं काढली. आत लोखंडाची एक तबकडी असते, ती चाकाबरोबर फिरते. ती डिस्क. ब्रेक मारला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्क जरा वाकडी असली की ब्रेक मारताना स्टिअरिंग हादरतं. मी वाकडेपणा शोधू लागलो आणि मला सापडेना. पॅड बरोबर बसवलेले. पिनांना ग्रीस लावलेलं, तेही मोजकं. नट सारखे आवळलेले. खरं सांगायचं तर माझ्या गॅरेजात इतकं नीट काम रोज होत नाही. पण 'शंकाच नाही' म्हणून बसलो होतो. डिस्क सोडवल्या आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून, रविवारचं त्याला उठवून, घासून आणल्या. त्याचा खर्च अक्कलखाती.

लेथवाल्याचं काम होईपर्यंत मी काढलेल्या एका चाकावर बसून चहा प्यालो. आप्पा खुर्ची सोडून उभेच होते.

दुपारी गाडी जोडली आणि या खेपेला हायवेला घातली. साठपर्यंत लोण्यासारखी. म्हटलं, जिंकलो. ऐंशीला स्टिअरिंग थडथडायला लागलं. मी खाली पाहिलं. माझा पाय ब्रेकवर नव्हताच.

एवढ्या वर्षांच्या अनुभवाला एवढं कळायला दुपार झाली होती. ब्रेक न दाबता, ठरावीक वेगाला गाडी हादरते, तेव्हा पहिला संशय चाकाच्या बॅलन्सवर घ्यायचा. वॉशिंग मशीनमध्ये ओली गोधडी एका बाजूला गोळा झाली की मशीन कसं नाचतं, तसंच. चाकाला एका बाजूला जास्तीचं वजन झालं की ते नाचतं आणि स्टिअरिंगला नाचवतं.

परत येऊन चाक काढलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला रिममध्ये काळ्या मातीचा गच्च थर. वाळून विटेसारखा झालेला, मध्ये उसाचं पाचट. याच चाकावर मी चहा प्यालो होतो. दुसऱ्यातही तेच.

"आप्पा, पॅड बदलले कुठं?"

"अंगणात. उसाचा पाट फुटला हुता, समदा रबडा झालेला. चाकं खाली आडवी टाकली हुती. वरून धुतली की पुन्यांदा."

"वरूनच ना?"

आप्पांनी वाकून चाकाच्या आत पाहिलं. मग स्वतःशीच हसले. "आतून कोण बघतंय."

स्क्रूड्रायव्हरनं माती खरवडली, पाणी मारलं, चाकं मशीनवर बॅलन्स करून घेतली. आता मुख्य काम उरलं होतं, निकाल फिरवण्याचं.

"संदीप, ब्रेक चांगले आहेत," मी म्हणालो. "सकाळीही चांगलेच होते. मीच न बघता बोललो."

"म्हणजे चूक तुमची?"

"चिखल आप्पांचा, चूक माझी."

तो क्वालिटीचा माणूस. शब्दावर विश्वास ठेवला नाही. स्वतः गाडी घेऊन हायवेला गेला, शंभरला नेली, दोनतीनदा ब्रेक मारून बघितले आणि परत आला. बॉनेटवर एक थाप मारली. किल्ली आप्पांच्या हातात दिली. "चाकं मात्र चिखलात टाकू नका," एवढंच म्हणाला. आप्पांनी किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वरून बटण लावलं.

गाडी आणि गाडीचा मालक, दोघांचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो. खरं तर मी ते दर दोनचार वर्षांनी शिकतो.

आप्पा स्टिअरिंगवर बसले. शेवट गोड व्हावा म्हणून मी खिडकीशी वाकलो. "आप्पा, पुढच्या वेळी ब्रेकचं काम माझ्याकडंच आणा."

आप्पांनी गाडी सुरू केली, आरसा नीट केला आणि म्हणाले,

"आणतो की. जवा काय बिघडलं नसंल, तवा आणतो."