बांगडीएवढं अंतर

कार्यालयात नवीन बाई रुजू झाली की भाऊसाहेब आधी तिच्या मनगटाकडे बघत, चेहऱ्याकडे नंतर. मी रुजू झाले त्या दिवशीही तसंच झालं. मी हजेरीपटावर सही केली, त्यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काचेच्याच हायेत ना?"

"हो."

"मग बरं. असू द्या. लागल्या तर मागतो."

मी नांदेडची. असल्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला चांगलं ठाऊक होतं आणि मी ते देणारही होते. तेवढ्यात शिपायाने हसत त्यांच्या टेबलाचा खण उघडून दाखवला. आत कापसात ठेवलेली एक हिरवी बांगडी होती. शेजारी चिठ्ठी: 'शासकीय. हात लावू नये.'

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जुन्या जिल्ह्यातून वाटणीला आलेल्या फायली जास्त होत्या आणि खुर्च्या कमी. दोन कारकून एका बाकावर बसत. आमचं काम ग्राहक भांडारांना परवानगी देण्याचं. त्या वेळी शहरात सुपर बाजाराचं नवं वेड आलं होतं. आत जायचं, वस्तू आपल्या हाताने उचलायची, छापील भाव बघायचा आणि दारात हिशेब करायचा. प्रत्येक वस्तीला असं एक भांडार हवं होतं. पण नियम असा की आधीच्या भांडारापासून किंवा त्याच्या शाखेपासून ठरावीक अंतराच्या आत दुसरं निघता कामा नये. दोघांत ओढाताण होते, दोघंही बुडतात आणि सरकारचं भांडवल जातं, असं त्याचं कारण दिलेलं होतं. कागदावर याला 'निकोप स्पर्धा' म्हणत. ती निकोप राहावी म्हणून होऊच द्यायची नाही, इतकं ते सोपं होतं.

भाऊसाहेब आमचे मुख्य लिपिक. अंतर मोजायचं काम त्यांचं. त्यांनी वरच्या कार्यालयाकडे परकार मागितला, तर परकार लेखनसाहित्यात बसत नाही असं उत्तर आलं. मग त्यांनी एका टंकलेखक बाईंची बांगडी मागून घेतली, फूटपट्टी लावून नकाशाशी ताडून पाहिली, आणि ती बरोबर निघाली. तेव्हापासून भिंतीवरच्या शहराच्या नकाशावर आधीच्या भांडाराच्या ठिपक्याभोवती बांगडी ठेवायची, पेन्सिल फिरवायची, आणि अर्जदाराची जागा वर्तुळाच्या आत पडली की नकार, बाहेर पडली की मंजुरी. अर्जदार कितीही मोठा असो, भाऊसाहेब एकच वाक्य म्हणत, "माझं काय न्हाई, रेघेचं हाय."

तुम्हीही असा माणूस कुठल्या तरी कचेरीत पाहिला असेल. मनाने चांगला, हाताने स्वच्छ, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायची सोय नाही.

ते रोज औशाहून एसटीने येत. त्या वर्षांत पाऊस रुसलेला होता. लातूरला नळ कधी येईल ते नळालाही माहीत नसे. भाऊसाहेब घरच्या विहिरीचं पाणी डब्यातून आणत आणि जेवणानंतर आम्हा सगळ्यांना एकेक पेला वाटत. सगळ्या पेल्यांत पाणी एका पातळीवर आहे ना, हे डोळा टेबलाच्या उंचीला आणून बघत. स्वतःला शेवटी घेत. अर्जदार चहा सांगू लागला तर म्हणत, "चहा न्हाई चालत. प्यायचं पाणी असंल तर बघा." एका व्यापाऱ्याने खरोखरच मडकं पाठवलं. त्यांनी त्याची पोच लिहून ते परत केलं. आम्ही दिवसभर त्यांना शिव्या दिल्या, अर्थात मनातल्या मनात. घसा कोरडा असला की मोठ्याने शिव्या देववत नाहीत.

शहरातलं सगळ्यात जुनं भांडार एका चेअरमन साहेबांचं होतं. म्हणजे सभासदांचं होतं, पण गल्ल्यामागे बसणारा त्यांचा मेहुणा. टंचाई वाढली तसं तिथलं गोडं तेल 'आजच संपलं' होऊ लागलं आणि शेजारच्या गल्लीत चढ्या भावाने मिळू लागलं. चेअरमन हुशार. नियम आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळला होता. त्यांनी गावात ठिकठिकाणी शाखा काढल्या. शाखा म्हणजे भाड्याची एक खोली, एक शटर, एक तराजू आणि वर पाटी. शटर बंद, तराजूवर धूळ. पण पाटी म्हणजे नकाशावर ठिपका, आणि ठिपका म्हणजे बांगडी. वर्षभरात निम्मं लातूर त्यांच्या वर्तुळांखाली आलं.

"भाऊसाहेब, बंद दुकानाची कसली स्पर्धा?" मी विचारलं.

"नियमात 'शाखा' लिहिलंय, ताई. उघडी का बंद, ते लिहिलं न्हाई."

अशात सुमनबाई आल्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या शाळेच्या बाई. वस्तीत निम्मी बौद्ध कुटुंबं, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात नोकरीला. निम्मी माणसं दुष्काळाने गावाकडून आलेली, खडी फोडायच्या कामावर जाणारी. बायांनी मिळून महिला भांडार काढायचं ठरवलं होतं. सभासद झाले होते, एका निवृत्त कंपाउंडरने आपली लांबलचक खोली देऊ केली होती. महिनाअखेरपर्यंत परवानगी आली नाही तर तो ती पेंडीच्या व्यापाऱ्याला देणार होता.

भाऊसाहेबांनी बांगडी काढली. नाल्याच्या पुलाजवळ चेअरमनची एक बंद शाखा होती. पेन्सिल फिरली. खोली रेघेच्या आत पडली, नखाएवढी.

"नखाएवढीच हाय ना?" सुमनबाई म्हणाल्या. "मग नख कापा की."

"बाई, माझं काय न्हाई..."

"रेघेचं हाय. ऐकलंय. तुमच्या रेघेला एकदा वस्तीत पाठवा. दिवसभर खडी फोडून बाई दोन मैल तेलाला जाते आणि रिकामी बाटली घेऊन येते. त्या बाटलीवर मार म्हणावं गोल."

भाऊसाहेबांनी बांगडी खणात कापसावर ठेवली. नकाराचं पत्र मात्र त्याच दिवशी गेलं. सुमनबाई पुन्हा आल्या, पुन्हा मोजणी झाली, पुन्हा नख आडवं आलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा महिना संपायला आठवडा उरला होता. भाऊसाहेबांनी नकाशावर बांगडी धरली, तेवढ्यात गेलेली वीज आली, पंखा गरकन फिरला, नकाशा फडफडला आणि शासकीय बांगडी फरशीवर पडून तिचे तुकडे झाले.

खोलीत कुणी हसलं नाही. सुमनबाईसुद्धा नाही.

"ताई," भाऊसाहेब माझ्याकडे वळले, "आता लागली."

मी बांगडी काढून दिली. देताना, मला स्पष्ट बोलायची खोड आहे म्हणून, सांगितलं, "ती अडीचची होती. ही सव्वादोनची. तुमची रेघ आत येईल."

त्यांचा हात थांबला. असं चालणार नव्हतंच. त्यांनी फूटपट्टी काढली, माझी बांगडी मोजली आणि नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातलं प्रमाण वाचायला वाकले. वाकले ते बराच वेळ वाकलेलेच. मग कपाटातून जुना नकाशा काढून त्याचा कोपरा वाचला. मग पुन्हा भिंतीवरचा.

झालं होतं ते असं. पहिली बांगडी त्यांनी जुन्या नकाशाशी ताडून पाहिली होती. जिल्हा झाल्यावर शहराची हद्द वाढली आणि नवा नकाशा आला. गाव वाढलं, कागद तेवढाच राहिला, बांगडीही तेवढीच राहिली. म्हणजे नव्या नकाशावर तीच बांगडी नियमापेक्षा कितीतरी जास्त जमीन व्यापत होती. खरं वर्तुळ एखाद्या लहान मुलीच्या बांगडीएवढं निघालं असतं. माझी सव्वादोनचीही मोठीच होती.

त्या दिवशी जेवणानंतर पाण्याचे पेले भरले गेले नाहीत. डबा टेबलाखाली तसाच राहिला. आम्हीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते मोजणीची साखळी उसनी घेऊन नाल्यावर गेले. एक टोक शिपायाने धरलं, एक सुमनबाईंनी. मी वही घेऊन मागे. ऊन असं की साखळी हातात धरवत नव्हती. चेअरमन जीप घेऊन आलेच.

"काय भाऊसाहेब, आता जमिनीवर उतरलात?"

"हाव. आधीच उतराया पाहिजे होतं."

"बायांच्या नादी लागून ह्या वयात नोकरी घालवून बसाल."

"साखळी सोडा, चेअरमन साहेब. तुमचा पाय हाय तिच्यावर."

खोली नियमाच्या बाहेर निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली दोनेकशे पावलं.

कार्यालयात परतल्यावर मी व्यवहाराची गोष्ट सांगितली. "भाऊसाहेब, मंजुरी लिहा, मोजणीचा कागद जोडा आणि विषय संपवा. बांगडीचं कुणाला कळतंय? तुम्हाला निवृत्तीला वर्ष नाही राहिलं."

"आन् आधी ज्यांना न्हाई म्हणलं, त्यांचं?"

"ते विसरले असतील."

"मी इसरलो न्हाई ना, ताई."

मी त्यांना त्या वेळी मूर्ख म्हटलं. तोंडावर. त्यावर ते म्हणाले, "हाव, पण टिपणाची एक प्रत टाइप करून द्या." टिपणात लिहिलं होतं की नवा नकाशा आल्यापासूनची सगळी मोजमापं चुकीची आहेत आणि चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे. खाली एक प्रश्नही होता: बंद असलेली शाखा ही शाखा समजावी काय? चुकीबद्दल वरून लगेच खुलासा मागवला गेला. प्रश्नाचं उत्तर अजून यायचं आहे.

मग त्यांनी नाकारलेल्या प्रत्येक अर्जदाराला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की आपली जागा नियमात बसत होती, आपण पुन्हा अर्ज करावा, झाल्या चुकीबद्दल क्षमस्व. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकजण येऊन भांडून गेला. ते उभे राहून ऐकत राहिले. एकाने मात्र कंधारहून पत्र पाठवलं. परवानगी मिळाली नाही म्हणून तो गावी परतला होता आणि पिठाची गिरणी घातली होती. 'दुकान निघालं असतं तर बुडालो असतो, आपले उपकार आहेत,' असं त्याने लिहिलं होतं. भाऊसाहेबांना हे पत्र सगळ्यात जास्त लागलं. भांडणाऱ्याचं काय करायचं ते त्यांना कळत होतं. आभाराचं काय करायचं ते कळेना.

महिला भांडार महिनाअखेरच्या आत उघडलं. त्याच आठवड्यात चेअरमनच्या दुकानात तेल सापडलं, तेही छापील भावात. उद्घाटनाचा नारळ फोडायला सुमनबाई भाऊसाहेबांना बोलवायला आल्या होत्या. ते गेले नाहीत. "मी सही केली त्या दुकानात मलाच नारळ? बरं दिसत न्हाई." पुढच्या महिन्यात त्यांना ताकीद मिळाली आणि हिमायतनगरला बदली झाली. निवृत्तीला आठ महिने असताना, घरापासून अख्खा जिल्हा ओलांडून. वरच्या कार्यालयाने आमच्यासाठी मात्र परकार पाठवला. खोक्यात दोन होते.

महिला भांडार छान चाललं. इतकं छान की तीन वर्षांनी त्याच वस्तीच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्या एका गटाने अर्ज केला, तेव्हा पहिली हरकत महिला भांडाराची आली. अक्षर सुमनबाईंचं. 'निकोप स्पर्धेस बाधा येईल.' मी ती हरकत दप्तरी लावली. माझं वय तेव्हा हसण्याचं राहिलं नव्हतं, तरी हसू आलं. भाऊसाहेबांना पत्राने कळवावंसं वाटलं, पण कळवलं नाही. त्यांनी ते गंभीरपणे घेतलं असतं.

भाऊसाहेब निवृत्त झाल्यावर मी एकदा औशाला कामाने गेले, तेव्हा ते बाजारात दिसले. हातात दोन पिशव्या. तिथे किराण्याची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. भाऊसाहेब एका दुकानात साखर आणि डाळ घेत होते. मग पायरी उतरून दुसऱ्या दुकानात चढले आणि तिथे चहापत्ती आणि गूळ घेतला.

"हे काय? एकाच दुकानात मिळत नाही?"

"मिळतंय की. पण दोघं बी चालाया पाहिजेत."

"आणि तुम्ही घेतलं नाही तर बंद पडतील?"

"माझ्यानं काय होतंय. पर माझ्यामुळं नको."

पुढे दोनेक वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी गेले तोवर सगळं आटोपलं होतं. घरात त्यांच्या सूनबाई होत्या. चहा करते म्हणाल्या, आत गेल्या आणि ओशाळून बाहेर आल्या. साखर संपली होती. मी म्हणाले मी आणते, आणि बाजारात गेले. दोन्ही दुकानांची शटरं खाली होती. पलीकडच्या पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "दोघं बी मातीला गेलते. आज दुकान उघडायचं न्हाई म्हणले. साखर पाहिजे असंल तर खाली स्टँडपातुर जावं लागंल, बाई. लई लांब हाय."

मी गेले.