प्रोबेशनचा अर्थ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर बाकावर बसतो त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माहीत नाही.

लग्न होऊन सुशीला साताऱ्याकडून कोपरखैरण्याला आली तेव्हा तिचं इंग्रजी कच्चं होतं. मी शिकवलं. माझी एक पद्धत होती. पाटीवर शब्द लिहायचा, मध्ये आडव्या रेघा देऊन त्याचे तुकडे पाडायचे — मार्-केट, हॉस्-पि-टल — आणि खाली मराठीत अर्थ, डिक्शनरीत असतो तसा. ती तुकडे जोडून मोठ्याने वाचायची. चुकली की स्वतःच हसायची. मी लिहीन तो अर्थ तिच्यासाठी शेवटचा. दुसऱ्या कोणाला तिने कधी विचारलं नाही. का विचारेल?

मग तिला तुर्भ्याच्या एका कंपनीत ऑफिसची नोकरी मिळाली. अर्ज तिनेच केला होता, मुलाखतही एकटीनेच दिली होती. शेजारचे तात्या मला म्हणाले, आता वहिनी ऑफिसला आणि तुम्ही पोळ्या लाटायला. सगळे हसले. मीही हसलो — हसलो होतो ना? असेन.

कंपनीचं पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. एका शब्दाला अडली होती. मी नेहमीसारखी पाटी घेतली. प्रो-बे-शन. रेघा बरोबर दिल्या. आणि खाली लिहिलं — सहा महिने राबवून घेऊन काढून टाकणे.

मला खरा अर्थ माहीत होता. मी स्वतः तसाच नोकरीला लागलो होतो. चूक नव्हती ती. मी जाणूनबुजून खोटं लिहिलं.

ती पाटीकडे बघत राहिली. "नक्की काढतात?"

"तसं ठरलेलंच असतं," मी म्हणालो.

ती गेली नाही. शेजारणींना सांगितलं, मीच नको म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं घरी बसून लोकांच्या साड्यांना फॉल लावत राहिली. पाटी कधी बंद झाली, ते आठवत नाही.

गेल्या महिन्यात नातीला नोकरी लागली. पेढे घेऊन आली, म्हणाली, प्रोबेशनवर आहे. सुशीलाचा चेहरा उतरला. नको जाऊस गं तिथे, म्हणाली.

"टेन्शन काय घेतेस, आज्जी? सहा महिने काम बघतात, मग पर्मनंट. सगळ्यांनाच असतं."

"सगळ्यांना?"

"हो गं. आजोबांना विचार."

मी पेढ्यांच्या खोक्याकडे बघत होतो. सुशीलाने मला विचारलं नाही. एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि आत जाऊन कुकर लावला.

आम्ही बोलतो. दूध, गॅस, गुडघ्याचं तेल — सगळं बोलतो. फक्त सोसायटीची नोटीस असो, गोळ्यांचं पाकीट असो, इंग्रजी काही आलं की ती ते नातीसाठी बाजूला ठेवते. मी समोरच बसलेला असतो.