दादाच्या नावाची सेटिंग

आमचा दादा काचेच्या तारा तपासायचा. जमिनीखालून जाणाऱ्या, केसाएवढ्या तारा. त्यांतून फोन आणि इंटरनेट धावतं. मी त्याची धाकटी बहीण, त्याच कंपनीत तक्रारींच्या फोनवर. माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे म्हणतात, तर आता आडपडदा न ठेवता सांगते.

तार कुठे दबली-पिळली असेल तर आतल्या प्रकाशाचे दोन भाग मागेपुढे पोचतात आणि संदेश विस्कटतो. ते पकडायला मीटर प्रकाशाचा एकेक रंग पाठवून बघतो. दोन रंगांत अंतर किती ठेवायचं, तो टप्पा माणसाने ठरवायचा. बारीक ठेवला तर मोजणी रेंगाळते. मोठा ठेवला की झटपट उरकते, पण खराब तारही चांगली दिसते. दाराला अधूनमधून कान लावला तर घरात भांडण नाहीच असं वाटतं ना, तसं. दादाचा टप्पा बारीकच. "तुमचं मोजून होईपर्यंत आमची नातवंडं शाळेत जातील," असं लोक चिडवायचे, पण मीटरमध्ये 'दादा' या नावाने साठवलेली ती सेटिंगच सगळे डोळे झाकून वापरायचे. तिला कुलूप होतं. त्याचा आकडा दोघांनाच माहीत: दादाला आणि जावयाला.

जावई म्हणजे दादाचा कामावरचा जोडीदार. तो कुणाचा जावई नव्हे; दर रविवारी आमच्याकडे जेवायचा आणि वहिनी आग्रह करकरून वाढायची, म्हणून हे नाव पडलं. काम त्याला दादानेच हाताला धरून शिकवलं होतं.

दादा तापाने फणफणला होता, तेव्हा इस्पितळाकडे जाणारी नवी लाइन जावयाने तपासली. लाइन पास झाली आणि जावई सुपरवायझर झाला. दादाने अंथरुणातून उठून त्याची पाठ थोपटली. पुढे लाइनवर भार वाढला आणि माझा फोन खणखणू लागला. इस्पितळातून रुग्णांच्या तपासणीची चित्रं पोचतच नव्हती.

साहेबांनी आम्हा तिघांना बोलावून मीटर उघडला. 'दादा' सेटिंगमध्ये टप्पा भलताच मोठा! दादाने जावयाकडे पाहिलं. जावई स्वतःहून सांगेल म्हणून दादा थांबला.

"दादांचीच सेटिंग आहे साहेब," जावई म्हणाला. "आम्ही नुसतं बटण दाबतो."

"आकडा यालाही ठाऊक आहे!" मी ओरडले.

"बहीण भावाचीच बाजू घेणार," साहेब म्हणाले.

दादाच्या हातून मीटर गेला. त्याला गोदामात केबलची रिळं सांभाळायला बसवलं. माझा नुसता तिळपापड झाला. दादा मात्र जेवताना एवढंच म्हणाला, "तो बोलेल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं गं."

आणि रविवारी हा निर्लज्ज दारात हजर! वहिनी स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

"वरून घाई होती दादा. बारीक टप्प्यावर लाइन पासच होईना."

"मग मला सांगायचंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून माझं नाव तेवढं घेतलंस."

जावई पायाने चप्पल चाचपू लागला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या ती लाइन पुन्हा मोजायची आहे. टप्पा किती ठेवू?"

दादाने दाराची कडी हातात धरली.

"तुला ठाऊक आहे. बदलण्याआधी पाहिला असशीलच की."