एडक्याचे पाय

आमच्याकडं मेंढरं कातरायची म्हणजे सगळी भावकी येते. आज आमचा कळप, उद्या त्यांचा. मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र दाबून. आणि कातरणीला आलेल्या माणसानं नुसतं उभं राहायचं नसतं.

मी उभी होते, कॅमेरा घेऊन. माणसांच्या जगण्यावर फिल्म करून पीएच.डी. मिळते, ती मी करत होते, आणि माझी फिल्म ताडकळसजवळच्या आमच्याच घराची होती. चुलतीनं थोडा वेळ चालवून घेतलं. मग एक दांडगा एडका उसळ्या मारायला लागला, तशी ती माझ्याकडं वळली.

"फोटू काय काढायलीस? ठिव ते खाली अन् पाय धर."

ठेवला. बंद करायचं सुचलंच नाही. पुढं बराच वेळ पडद्यावर एडक्याचे खूर, माझा गुडघा आणि पडणारी काळी लोकर, एवढंच दिसतं. ऐकू मात्र सगळं येतं: कातरीची कचकच, चुलतीच्या शिव्या, माझं हसणं.

विद्यापीठाच्या समितीनं नेमकं तेवढंच फिल्ममधून काढून टाकायला सांगितलं. संशोधकानं मधे यायचं नसतं म्हणे. आधी काढा, मग पदवी. माझ्या मार्गदर्शक बाईही म्हणाल्या, काढून टाक, पदवी पदरात पाड, मग काय भांडायचं ते भांड. प्राध्यापकाची पक्की जागा त्या पदवीवरच अडकली होती, आणि तासिकेवर शिकवून मी मेटाकुटीला आले होते.

पण लय राग आला. परक्यानं येऊन लांबून शूट केलं की ते शास्त्र, आणि मी घरच्या एडक्याचे पाय धरले की चूक? वा रे न्याय.

समितीपुढं मी एवढंच बोलले, "कॅमेरा खाली आहे तेवढा वेळच मी त्या घरची आहे. तो भाग काढला तर फिल्म खोटी होईल. मी काढणार नाही."

सुधारून पुन्हा सादर करा, असा निरोप आला. मी काडीचीही सुधारणा न करता पुन्हा सादर केली. निकाल अजून लागलेला नाही. ती जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं, रडलेही, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या कातरणीला चुलतीनं हाक मारायच्या आधीच मी कॅमेरा चालू करून जमिनीवर ठेवला आणि एडक्याचे पाय धरले. काढा म्हणावं आता काय काढायचं ते.